भलंमोठं जहाज निवडताना: बाल्कनी नक्की कुठे उघडते?

आजचा एपिसोड आई-बाबांमुळे सुचला. त्यांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतायत. ताई अमेरिकेत असते, म्हणून आम्ही दोघांनी त्यांना मायामीहून सात रात्रींच्या क्रूझवर पाठवायचं ठरवलं. जहाज ‘आयकॉन ऑफ द सीज’. आईची अट एकच: सकाळचा चहा समुद्राकडे बघत प्यायचा.

मी म्हटलं, सोप्पंय, बाल्कनीवाली केबिन घेऊ. एक स्वस्तात दिसलीही. पैसे भरणार तेवढ्यात ताई म्हणाली, "अरे थांब, ही बाल्कनी आतल्या बाजूला उघडते!"

म्हणजे बघा, जुना वाडा आठवा. काही खोल्या रस्त्याकडे, काही चौकाकडे. या जहाजाच्या मधोमध खऱ्या झाडांची बाग आहे, ‘सेंट्रल पार्क’. काही बाल्कन्या तिकडे उघडतात. बाग छानच, पण समोर समुद्र नाही. म्हणून नुसता ‘बाल्कनी’ शब्द वाचून थांबू नका, पुढे ‘ओशन व्ह्यू’ आहे का ते बघा.

आता आकाराचं. जानेवारी 2024 मध्ये सेवेत आलेलं हे जहाज सुमारे 365 मीटर लांब, 20 डेकचं आहे. ग्रॉस टनेज 2,48,663, टायटॅनिकच्या पाचपटीहून जास्त. पण गंमत अशी, की ग्रॉस टनेज हे वजन नाहीच! ते जहाजाच्या आतल्या जागेचं माप. म्हणून त्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचं. एका केबिनमध्ये दोघे धरले तर 5,610 प्रवासी, म्हणजे माणशी 44. जहाज खच्चून भरलं, म्हणजे 7,600 प्रवासी, की तोच आकडा 33 च्या खाली येतो. अमेरिकेतल्या शाळांच्या सुट्टीत केबिनमधले जादा बेडही भरतात. त्यामुळे निवांतपणा हवा असेल तर त्या तारखा टाळा.

केबिन निवडताना डेक प्लॅन उघडाच. मधली, खालच्या डेकवरची केबिन कमी हलते. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही लिफ्टजवळची बघितली. बरोब्बर वर पूल किंवा खाली थिएटर असेल तर आवाज येऊ शकतो.

तिकिटात मुख्य डायनिंग आणि बुफे येतं. वायफाय, दारू, खास रेस्टॉरंट्स, किनाऱ्यावरच्या सहली आणि रोजची टिप वेगळी. व्हिसाचंही बघा: जहाज परत मायामीलाच येतं, म्हणजे अमेरिकेत पुन्हा प्रवेश. त्यामुळे मल्टिपल एंट्री आहे ना, ते तपासा.

आणि एक. एवढं मोठं जहाज प्रत्येक बंदरात लागू शकत नाही. छोटी बेटं निवांत बघायची असतील तर छोटंच जहाज घ्या. इथे खरं ठिकाण म्हणजे जहाजच.

शेवटी आम्ही समुद्राकडची बाल्कनी घेतली. पैसे जास्त लागले, म्हणून ड्रिंक्सचं पॅकेज काढून टाकलं. बाबा म्हणाले, "आम्हाला काय करायचंय ते! चहा मिळतो ना?"