बियाण्याचे पोते आणि पोटातले बाळ

मृग लागला की कर्जत-खालापूरच्या घराघरांतून भाताचे बी बाहेर निघते. तीन टक्के मिठाच्या पाण्यात बुडवायचे, तरंगलेले पोचट दाणे काढायचे, तळाचे धुऊन सावलीत सुकवायचे आणि औषध चोळून राबावर पेरायचे, ही रीत आता सर्वांना पाठ आहे. पेरणी उरकल्यावर औषध लावलेले पायलीभर बी उरतेच. "फुकट का घालवायचे? स्वच्छ धुतले की झाले!" असे एखाद्या काटकसरी गृहिणीच्या मनात येते. १९७१ साली इराकमधल्या शेतकरी घरांतही असेच झाले होते.

तेथे सरकारने परदेशातून गव्हाचे बी आणले होते. बुरशी लागू नये म्हणून त्याला पाऱ्याचे औषध लावलेले, आणि ओळख पटावी म्हणून तांबडा रंग दिलेला. पोत्यांवरची सूचना परक्या भाषेत. बरेचसे बी पेरणीची वेळ टळल्यावर पोहोचले. बायकांनी ते धुतले. रंग गेला, तसे विषही गेले असे वाटले. काहींनी आधी कोंबड्यांना घालून पाहिले. त्या लगेच मेल्या नाहीत. मग त्या पिठाच्या रोट्या घरोघर खाल्ल्या गेल्या. विष अंगात भिनायला काही आठवडे लागले. ६,५३० माणसे इस्पितळात दाखल झाली, त्यांतली ४५९ दगावली.

पुढे शास्त्रज्ञांनी तिथल्या गरोदर बायकांचे केस तपासले. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि त्या त्या महिन्यात शरीरात किती पारा होता त्याची खूण केसात राहते. कोणत्या महिन्यात आईच्या पोटात किती विष गेले, ते असे कळले. काही आयांना हातापायांना मुंग्या येण्यापलीकडे त्रास नव्हता. त्यांची मुले मात्र उशिरा चालली, उशिरा बोलली.

याची खूण जपानात आधीच सापडली होती. मिनामाता गावी कारखान्याचा पारा समुद्रात जाई, माशांत उतरे. तो आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. धडधाकट दिसणाऱ्या आयांना अपंग मुले होऊ लागली. वार बाळाला विषापासून राखते असा तेव्हा डॉक्टरांचा समज होता. आपल्याकडे नाळ पुरतात. जपानात ती वाळवून डबीत जपून ठेवतात. डॉ. मासाझुमी हारादा यांनी अशा नाळा मिळवल्या. तपासणीत त्यांत पारा निघाला. वार हे विष अडवीत नाही. उलट बाळाच्या रक्तात ते आईच्या रक्ताहून जास्त साठते.

तेव्हा भगिनींनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा.

औषध लावलेले बी धुऊनही खाऊ नये, कोंबड्या-गुरांनाही घालू नये. आजच्या औषधांत पारा नसला तरी ती विषेच आहेत. ऊस-बटाट्याच्या बेण्यासाठी वापरले जाणारे पाऱ्याचे औषध आपल्या देशात ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. माळ्यावर एखादा जुना डबा असेल तर उघडू नका, आणि उल्हास किंवा पाताळगंगेतही टाकू नका. कृषी सहायकांना विचारा. पारा गाळात मुरतो. उल्हासच्या खाली खाडीच्या गाळात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना कारखान्यांतला पारा सापडलेला आहे.

ताप पाहण्याची काचेची नळी फुटली तर गरोदर बाईने आणि मुलांनी खोलीबाहेर जावे, खिडक्या उघडाव्यात. केरसुणी फिरवू नये. दुसऱ्याने जाड कागदावर गोळ्या गोळा करून बाटलीत घट्ट बंद कराव्यात.

गोरे करणारे बेनावाचे मलम गरोदरपणी लावू नये. अशा मलमांत पारा आढळलेला आहे.

आणि मासे? ते सोडू नका; बाळंतिणीला त्यांचे बळ लागते. फक्त मुशीसारखे, दुसऱ्या माशांवर जगणारे मोठे मासे गरोदरपणी टाळावेत. बाजारातला जवळा, मांदेली, तारली बिनघोर घ्यावी.

पारा शरीरातून हळूहळू, काही महिन्यांत निघून जातो. म्हणून ही काळजी दिवस राहिल्यावर नव्हे, नवी सून घरात येते तेव्हापासूनच घेतलेली बरी. आणि उरलेल्या बियाण्याचे पोते स्वयंपाकघरापासून लांब, वेगळे बांधून ठेवावे. पायलीभर भाताची भरपाई पुढच्या हंगामात होईल, बाळाची होणार नाही.