एका मिलिसेकंदाची शिस्त

मोबाइलवर व्हिडिओ पाहताना चित्र क्षणभर अडले, तर आपण फारतर वैतागतो. धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनला असे अडखळणे परवडत नाही. मिनिटाला १,२०० मिलिमीटर गतीने सरकणारे टूल सेकंदाला २० मिलिमीटर पुढे जाते. वळायच्या वेळी नेमका पुढचा आदेश पाच मिलिसेकंद उशिरा पोहोचला, तर तेवढ्यात ते जुन्याच दिशेने ०.१ मिलिमीटर सरकलेले असते. हे अंतर साध्या कागदाच्या जाडीएवढे. पण जॉबची मापे जिथे शतांश मिलिमीटरमध्ये तपासली जातात, तिथे तो जॉब भंगारात जायला एवढे पुरते.

कारखान्यातल्या मोठ्या मशीनवर याच कामासाठी घडवलेले कंट्रोलर असतात. ते महाग पडतात. म्हणून छोटी वर्कशॉप आणि हौशी कारागीर जुन्या लेथला किंवा मिलिंग मशीनला साधा संगणक जोडतात. अलीकडे तर तळहातावर मावणारा रास्पबेरी पायसुद्धा. त्यावर चालणाऱ्या ‘लिनक्ससीएनसी’ या मोफत सॉफ्टवेअरचे मूळ १९९०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे ‘निस्ट’मध्ये, झालेल्या कामात आहे. सरकारी संस्थेचे काम असल्याने ते सर्वांना खुले राहिले.

या जोडणीत संगणक आणि मशीनच्या मोटारी यांच्यामध्ये एक इलेक्ट्रॉनिक कार्ड असते आणि दोघांचे बोलणे अनेकदा इथरनेटच्या तारेतून चालते. साधारणपणे दर मिलिसेकंदाला एक फेरी होते. ‘टूल आता कुठे आहे?’ हे संगणक विचारतो, उत्तर आले की हिशेब करतो आणि पुढचा वेग कळवतो. सेकंदाला एक हजार, तासाला ३६ लाख फेऱ्या. त्यांतल्या ३५,९९,९९९ वेळेवर झाल्या आणि एकच फार रेंगाळली, तरी जॉब बिघडू शकतो. म्हणून इथे सरासरी वेळ कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. सर्वांत वाईट फेरीला किती वेळ लागला, हाच आकडा महत्त्वाचा.

हा उशीर तारेत होत नाही. शंभर बाइटचा निरोप १०० मेगाबिटच्या तारेवर चढवायला आठ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे आठ दशलक्षांश, पुरतात. वेळ जातो तो तारेच्या दोन टोकांना, विशेषतः संगणकाच्या टोकाला.

नेटवर्कची चिप हा पहिला संशयित. बऱ्याच चिप प्रत्येक निरोपासाठी प्रोसेसरला हाक मारत नाहीत. चार निरोप जमले की एकदम कळवतात; सीट भरल्याशिवाय न सुटणाऱ्या शेअर रिक्षासारखे. मोठ्या फाइल उतरवताना ही पद्धत सोयीची, कारण प्रोसेसरची दगदग वाचते. मशीनच्या एकुलत्या निरोपाला मात्र ती विनाकारण खोळंबून ठेवते. बहुतेक चिपमध्ये ही सवय एका आज्ञेने बंद करता येते.

दुसरा संशयित वीजबचत. काम नसले की प्रोसेसर आपला वेग उतरवतो किंवा डुलकी घेतो, इथरनेटची जोडणीही झोपते आणि जागे व्हायला प्रत्येकाला थोडा वेळ लागतो. मशीन चालवणाऱ्या संगणकात या सोयी बंद ठेवतात. वीज किंचित जास्त जाते, चिप थोडी अधिक तापते. त्या बदल्यात वेळ पाळली जाते.

तिसरे कारण म्हणजे शेजारी. त्याच संगणकावर स्क्रीन रंगवणे, फाइल साठवणे अशी कामे सुरू असतात. चार कोअरच्या प्रोसेसरमधला एक कोअर केवळ मशीनसाठी राखून ठेवला, तर ही गर्दी टळते. शिवाय ‘रिअल-टाइम’ लिनक्स वापरले, की तातडीचे काम आल्यावर बाकीच्यांना बाजूला व्हावे लागते. सुमारे २० वर्षे मुख्य लिनक्सबाहेर वाढलेली ही सुधारणा २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत अखेर सामील झाली. तिच्यामुळे संगणकाचे एकूण काम वाढत नाही, उलट किंचित घटते. पण तातडीचे काम ठरल्या वेळी होते.

हार्डवेअर निवडतानाही डोळे उघडे हवेत. रास्पबेरी पायच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर इथरनेट यूएसबीच्या मार्गाने जात असे, त्यामुळे वेळेचा भरवसा कमी होता. २०१९ च्या चौथ्या पिढीत त्याला स्वतंत्र वाट मिळाली. कार्ड आणि संगणक यांच्यात राउटर किंवा वाय-फाय न आणता सरळ एकच तार टाकावी, हे पथ्य सर्वांना लागू.

हे सगळे केल्यावर मोजमाप करावेच लागते आणि तेही संगणक निवांत असताना नव्हे. विंडो हलवत, फाइल कॉपी करत, तासन् तास चाचणी चालू ठेवावी आणि सर्वांत मोठा उशीर लिहून घ्यावा. मिलिसेकंदाच्या फेरीत तो पुरेसा लहान असेल, तरच टूलला धातूवर टेकू द्यावे.

तरीही एखादा निरोप हरवेल, हे गृहीत धरलेलेच असते. म्हणूनच कार्डवर एक पहारेकरी असतो. काही मिलिसेकंद संगणकाची खबर आली नाही, तर तो मोटारींचे आदेश तोडतो. जॉब वाया जातो, पण टूल भरकटत नाही. आणि ऑपरेटरच्या हाताशी असलेले लाल इमर्जन्सी बटण संगणकाच्या भरवशावर कधीच सोडत नाहीत. त्याची तार मोटारींची वीज थेट तोडणाऱ्या सर्किटमध्ये जाते. नेटवर्क कितीही चोख असले तरी तिथे ते मध्ये येत नाही.