काळ्या डब्याचा जीर्णोद्धार

घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरायचा, कीबोर्डच्याच खोक्यात सगळे यंत्र सामावलेला आणि बटण दाबताच 'बेसिक' या आज्ञाभाषेत हुकूम घ्यायला सज्ज होणारा जो लहान संगणक १९८०च्या दशकात मध्यमवर्गीय घरांत शिरला, त्याला गृहसंगणक ही संज्ञा रूढ झाली. केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा त्या वर्गातला एक काटकसरी नमुना होय. रिचर्ड आल्टवॉसर यांनी त्याची विद्युतरचना केली, स्टीव्ह व्हिकर्स यांनी त्याची बेसिक लिहिली आणि रिक डिकिन्सन यांनी त्याला रूप दिले. १६ किलोबाइट स्मृतीच्या यंत्राची किंमत १२५ पौंड व ४८ किलोबाइटच्या यंत्राची १७५ पौंड ठेवण्यात आली. या किमतीत यंत्र बसवण्यासाठी ज्या तडजोडी झाल्या, त्यांचा हिशेब आज चार दशकांनंतर ते दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसाला चुकता करावा लागतो.

महाराष्ट्राशी या यंत्राचा संबंध केवळ आयातीचा नाही. रबरी कळांऐवजी कडक प्लॅस्टिकच्या कळा आणि रीसेटचे बटण असलेली 'स्पेक्ट्रम प्लस' ही सुधारित आवृत्ती १९८४ साली आली, आणि पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवाना घेऊन तिची भारतीय आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने त्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणली. शाळांची वाट मात्र वेगळी होती. केंद्र सरकारच्या 'क्लास' या १९८४ साली सुरू झालेल्या संगणक साक्षरता प्रकल्पातून एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडक शाळांत पोहोचला. त्यामुळे आज राज्यात एखाद्या माळ्यावर किंवा शाळेच्या अडगळीच्या खोलीत जुना गृहसंगणक सापडला, तर तो या दोन घराण्यांपैकी एकातला असण्याचा संभव बराच असतो.

असे यंत्र पुन्हा चालते करण्याची हौस पुण्या-मुंबईचीच, असा समज असतो. त्याला फारसा आधार नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे ऊसपट्ट्यातील नगरपरिषदेचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. ज्या भागात विहिरीवरची जळालेली मोटार भरून घेणे, स्टार्टरचे पॉइंट घासणे आणि फुगलेला कॅपॅसिटर बदलणे ही दर हंगामाची कामे आहेत, तिथे मल्टिमीटर हे परके हत्यार नव्हे, आणि 'फेज गेला' एवढ्या दोन शब्दांत बिघाडाचे निदान सांगण्याची सवय आबालवृद्धांना असते. अडचण येते ती सुट्या भागांची. त्यासाठी पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर व तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, किंवा मग टपाल, हेच मार्ग राहतात. आणि टपालाने मागवायचे असेल तर पत्त्यात 'प्रवरा' हा शब्द व तालुक्याचे नाव ठळक लिहिणे बरे, कारण नुसत्या 'देवळाली'ने नाशिकजवळची छावणीची देवळालीच लोकांच्या ध्यानात येते.

दुरुस्तीची सुरुवात यंत्रापासून नव्हे, तर त्याच्या वीजपुरवठ्यापासून करावी लागते. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो, पण त्याच्या गोल पिनीची ध्रुवता आजच्या रिवाजाच्या उलट आहे: आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. वायफाय राउटरचा अडॅप्टर आकाराने तंतोतंत बसतो, त्यावर ९ व्होल्टही लिहिलेले असतात, आणि तो जोडताच यंत्राची आतली वीजव्यवस्था जळू शकते. मूळ अडॅप्टर वापरणेही तितकेसे निर्धोक नाही. तो नियंत्रित नसल्यामुळे मूळ दाब वाढला की त्याचा दाबही वाढतो, आणि शेतीपंप बंद पडल्यावर रात्री दिवे भगभगीत होणाऱ्या भागात ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. शिवाय यंत्राच्या आत ९ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा ७८०५ हा नियंत्रक जास्तीचा दाब निव्वळ उष्णतेत घालवतो, आणि पारा चाळिशीपुढे जाणाऱ्या उन्हाळ्यात डब्याच्या उजव्या बाजूला हात ठेवला तर ती उष्णता जाणवते. म्हणून नियंत्रित नवा अडॅप्टर आणि ७८०५च्याच तीन पायांत बसणारा, जवळजवळ न तापणारा नवा नियंत्रक, हे दोन बदल बहुतेक जाणकार पहिल्याच बैठकीत करून टाकतात.

खरी परीक्षा स्मृतीची असते. स्पेक्ट्रमच्या पहिल्या १६ किलोबाइट स्मृतीसाठी ४११६ या जातीच्या आठ चिपा वापरल्या आहेत. आठ बिटांच्या प्रत्येक बाइटमधील एकेक बिट एकेका चिपेकडे, अशी ही वाटणी आहे. पडद्यावरचे चित्रही याच स्मृतीतून उचलले जाते आणि एक बाइट म्हणजे पडद्यावरचे शेजारशेजारचे आठ ठिपके असल्यामुळे, आठांतली एखादी चिप मेली तर पडद्यावर दर आठव्या ठिपक्याशी उभी रेघ उमटते आणि दोषी चिप कितवी ते रेघेच्या जागेवरून ओळखता येते. मात्र या चिपा जुन्या पिढीच्या असल्याने त्यांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन निरनिराळे दाब लागतात. यांतले १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करण्यासाठी यंत्रात एक छोटे परिवर्तक मंडल आहे, आणि त्याचा भार 'टीआर ४' या क्रमांकाच्या, हरभऱ्याएवढ्या ट्रान्झिस्टरवर आहे. यंत्र चालू असताना मागच्या उघड्या जोडपट्टीत एखादे उपकरण खुपसले किंवा उपसले की क्षणभर शेजारचे पट्टे एकमेकांना चिकटतात, हा ट्रान्झिस्टर जातो, उणे ५ व्होल्ट नाहीसे होतात आणि त्या दाबाविना राहिलेल्या स्मृतीच्या चिपा पाठोपाठ तापून मरतात. एकाच्या चुकीने आठ जणांचा बळी जातो, तो असा.

निदान करताना मल्टिमीटरचे काळे टोक जमिनीला, म्हणजे चिपेच्या १६व्या पायाला, लावून लाल टोकाने उरलेले तीन कोपरे तपासतात: १ल्या पायावर उणे ५, ८व्यावर १२ आणि ९व्यावर ५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. १ल्या पायावर शून्य दिसले तर यंत्र तत्काळ बंद करून आधी टीआर ४ बदलायचा. आधी चिपा बदलणारा माणूस नव्या चिपाही त्याच वाटेने घालवतो. वरच्या ३२ किलोबाइटचा दोष इतका आरडाओरडा करत नाही. चालू होताना यंत्र स्मृती तपासत जाते, दोष लागेल तिथे थांबते आणि निमूटपणे १६ किलोबाइटचे यंत्र म्हणून हजर होते. 'प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३' एवढी ओळ दिली आणि उत्तर ६५५३५ आले तर स्मृती पूर्ण आहे. ३२७६७ आले तर वरची स्मृती यंत्राच्या हिशेबात धरलेलीच नाही.

या वरच्या स्मृतीची कथा सिंक्लेअरच्या काटकसरीवर चांगला प्रकाश टाकते. तिच्यासाठी वापरलेल्या चिपा मुळात ६४ किलोबिटच्या. परंतु तपासणीत ज्यांचा एक अर्धा भाग सदोष निघाला, त्या ३२ किलोबिटच्या म्हणून स्वस्तात विकल्या जात, आणि कोणता अर्धा भाग चांगला हे बोर्डावरच्या एका तारेने ठरवले जाई. किडका भाग काढून फळ वापरावे, तसाच हा प्रकार. त्याहून गमतीची गोष्ट पहिल्या तुकडीतील यंत्रांची आहे. पडदा, कीबोर्ड आणि कॅसेट या तिन्हींचा कारभार पाहणाऱ्या 'यूएलए' या फेरांटी कंपनीच्या चिपेत रचनेची चूक राहिली होती आणि ती सुधारायला कारखान्यातच एक जास्तीची चिप पाय वर करून डकवली गेली, जिला तिच्या अवतारावरून 'मेलेले झुरळ' असे नाव पडले. मूळ यंत्र जसेच्या तसे ठेवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी या झुरळाकडे एकदा नीट पाहावे. मूळ म्हणून जे जपायचे तेच डागडुजी होऊन कारखान्याबाहेर पडलेले आहे.

जीर्णोद्धार या शब्दाचा मराठी अनुभव प्रामुख्याने देवळांचा आहे, आणि तो दोन्ही प्रकारचा आहे. कुठे शेंदराची खोळ उतरवून खालची मूर्ती जपलेली दिसते, तर कुठे दगडी शिखराला सिमेंट व तैलरंग फासून मूळ काम कायमचे झाकलेले दिसते. गृहसंगणकांच्या जीर्णोद्धारातही वादाचा मुद्दा हाच असून त्याचे उत्तर नव्या-जुन्याच्या भांडणात नाही; केलेला बदल उद्या कोणाला काढून टाकता येईल का, एवढ्या एका प्रश्नात ते आहे. मेलेली चिप उपटताना तिचे पाय कापून घ्यावेत, एकेक पाय स्वतंत्रपणे सोडवावा, भोकातले कथील सकरने ओढून घ्यावे आणि त्या जागी नवी चिप थेट डाखण्याऐवजी सॉकेट बसवावे, ही शिस्त त्यासाठीच आहे, कारण या बोर्डावरचे तांब्याचे पट्टे जास्त उष्णतेने पापुद्र्यासारखे सुटून येतात आणि सुटलेला पट्टा पुन्हा पहिल्यासारखा चिकटत नाही. सॉकेट एकदा बसले की त्यात जुन्या जातीच्या चिपा घालाव्यात, की तीन दाबांची भानगडच मिटवणारी आधुनिक स्मृतीची छोटी पट्टी बसवावी, हा ज्याच्या-त्याच्या आवडीचा प्रश्न उरतो.

चित्राच्या बाबतीत मात्र बदलाला विरोध करण्यात अर्थ नाही. ब्रिटनमधील स्पेक्ट्रम आपले चित्र दूरचित्रवाणीच्या ३६व्या यूएचएफ वाहिनीवर सोडत असे आणि ते काम करणारी मॉड्युलेटर नावाची पत्र्याची डबी आजच्या संचावर धूसर, थरथरते चित्र देते. त्या डबीतला एक जोड सोडवून संगणकाचा मूळ चित्रसंकेत थेट बाहेरच्या खोबणीत आणला की केबल संचाच्या पिवळ्या खोबणीत जाते आणि २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचे चित्र स्वच्छ उभे राहते. स्वच्छ चित्रामुळे या यंत्राची खोडही स्पष्ट दिसते: आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका चौकटीत दोनच रंग मावत असल्याने एक आकृती दुसरीवरून सरकताना रंग एकमेकांना लागतात. तो दोष काढण्याच्या भरीस कोणी पडत नाही, कारण तो गेला तर स्पेक्ट्रमच गेला.

कीबोर्डाखाली प्लॅस्टिकची पातळ विद्युत्वाहक झिल्ली असते, आणि तिच्या दोन चपट्या शेपट्या बोर्डाच्या खाचेत जातात. जुन्या झिल्लीच्या शेपट्या पापडासारख्या कुरकुरीत झालेल्या असतात. झाकण उघडताना ओढ बसली की त्या मोडतात आणि मग कळांची अख्खी रांग मुकी होते. टोकाचा दोनचार मिलिमीटर भाग कापून शेपटी पुन्हा खोवण्याचा उपाय एकदा-दोनदा चालतो, पुढे नवी झिल्ली घ्यावी लागते. सुदैवाने ती आजही नव्याने तयार होते. डब्याच्या रंगाची चिंता मात्र स्पेक्ट्रमवाल्यांना नाही, कारण तो काळा आहे. बीबीसी मायक्रोचे मलईरंगी प्लॅस्टिक पिवळे पडते, ते हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून उजळवावे लागते; त्याच्या वीजपुरवठ्यातले पारदर्शक आवरणाचे गाळणी कॅपॅसिटर तडकून दाट, उग्र धूर सोडतात, म्हणून शाळेच्या अडगळीतून काढलेला मायक्रो 'बघू चालतो का' म्हणून थेट प्लगला लावू नये.

दुरुस्त झालेल्या यंत्राचे करायचे काय, या प्रश्नाला खेळ हे नेहमीचे उत्तर आहे. त्याहून रंजक उत्तर लिपीचे आहे. स्पेक्ट्रममध्ये वापरणाऱ्याने स्वतः घडवायच्या २१ चिन्हांसाठी स्मृतीच्या अगदी टोकाला १६८ बाइटांची जागा राखलेली असते, आणि प्रत्येक चिन्ह म्हणजे आठ ओळींच्या आठ संख्या. २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ० या आठ संख्या भरल्या की पडद्यावर 'प' उभा राहतो: २५५मुळे पहिल्या ओळीतले आठही ठिपके उजळून शिरोरेषा होते, ६६ने डावी रेघ व उजवा दंड उतरतो, ६२ने ती रेघ दंडाला मिळते आणि २ने दंड एकटा खाली जातो. अशी अक्षरे शेजारी ठेवली की शिरोरेषा आपोआप जुळते. पण शिरोरेषा पहिल्याच ओळीत गेल्यामुळे वेलांटीला व मात्रेला जागा उरत नाही, आणि २१ घरांत मराठीची व्यंजनेसुद्धा मावत नाहीत. ही अडचण वेगळ्या मार्गाने सोडवणारे जिस्ट कार्ड १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने वैयक्तिक संगणकांसाठी पुढे आणले, तेव्हा गृहसंगणकांचा काळ संपत आला होता.

कॅसेटची जागा आता एसडी कार्डाने घेतली आहे. मागच्या जोडपट्टीत 'डिव्हएमएमसी' जातीचे उपकरण, अर्थात यंत्र बंद असताना, लावले की टेपवरून चढायला चार-पाच मिनिटे घेणारा कार्यक्रम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुरू होतो, आणि यंत्रात एकही डाख न देता हा बदल होत असल्याने त्याला कोणाचा आक्षेप नसतो. तरीही जुन्या यंत्राबरोबर आलेल्या कॅसेटी पुसून किंवा फेकून देणे ही या हौसेतली सर्वांत मोठी चूक ठरते. विकत घेतलेल्या खेळाच्या प्रती जगभर सापडतात. चौथीतल्या मुलाने उन्हाळ्याच्या सुटीत स्वतः लिहून वहीच्या कागदावर नाव चिकटवलेला पाढ्यांचा कार्यक्रम त्या एकाच फितीवर असतो, आणि ट्रान्झिस्टर बदलता येतो तशी फितीवरची चुंबकीय भुकटी बदलता येत नाही. अशी कॅसेट वाचताना टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा बारीक स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवून पाहावा लागतो. आवाज बोदा असतो तोवर पडद्याच्या कडेचे पट्टे अडखळतात. तो धारदार झाला की आधी लाल-निळसर रुंद पट्टे स्थिर चढू लागतात, आणि मग निळ्या-पिवळ्या बारीक रेघांची झोड उठते.