गिरणगावची जमीन आणि रस्ते
जमिनीचा उपयोग पालटला की तेथे येणाऱ्यांची संख्या, वेळ आणि दिशा पालटते. रस्ता मात्र पूर्वीच्याच रुंदीचा राहतो. मुंबईच्या गिरणगावातील लोअर परळात कापडगिरण्या चालू असताना भोंगा होताच कामगार आसपासच्या चाळींतून पायीच फाटकाशी येत, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्याने गर्दी आपोआप वाटली जाई. गिरणी कामगारांच्या १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी निकालात निघाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनींचा सुमारे एक-तृतीयांश हिस्सा सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी महापालिकेस देऊ केला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकामरहित जमिनीपुरती आखडली, आणि आवारे कचेऱ्यांनी व मनोऱ्यांनी भरली. खरी मेख येथेच आहे: विस्तीर्ण आवारांच्या भिंती पाडून आरपार गल्ल्या काढण्याची संधी समोर असता, एकेका मालकाचा नकाशा सुटासुटा मंजूर होत गेला, आणि नवी फाटके सेनापती बापट मार्गासारख्या जुन्याच रस्त्यांवर उघडली. ठाण्या-विरारहून येणारे नोकरदार एकाच घटकेस, रेल्वेच्या त्याच अरुंद जिन्यांवर लोटू लागले; २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली, त्यास मुसळधार पाऊस हे निमित्त झाले.