पाखरू उठू नये म्हणून

पक्षी बघायला आमच्याबरोबर येऊ लागलेली प्रत्येक मैत्रीण तिसऱ्या-चौथ्या खेपेला एकच प्रश्न विचारते, ‘ताई, कॅमेरा कुठला घेऊ?’ मोबाइलवर काढलेला खंड्या घरी मोठा करून पाहिला, की नुसता निळा ठिपका दिसतो, म्हणून ही चौकशी. विचारताना आवाज मात्र खालीच असतो. मुलांच्या क्लासची फी, घराचा हप्ता यातून स्वतःच्या हौसेसाठी पैसे काढायचे म्हणजे आपल्याला उगीचच चोरी केल्यासारखं वाटतं! ते वाटणं आधी बाजूला ठेवू या. पैसे घालायचेच आहेत, तर ते कशात घालायचे एवढं बघू.

मध्यंतरी एकीबरोबर दुकानात गेले होते. कॅमेरा तिला हवा, पैसे तिच्या भिशीचे, पण विक्रेता बोलत होता तिच्या यजमानांशी! सगळा भर मेगापिक्सेलवर. मैत्रिणींनो, पक्ष्यांसाठी मेगापिक्सेल नंतर. आधी बघायची ती लेन्सची पोच. ती मिलिमीटरमध्ये सांगतात. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ची लेन्स बारशाला, लग्नाला छान. पक्ष्यांसाठी निदान ३००, जमल्यास ४०० ते ६००. एपीएस-सी नावाचा थोडा लहान सेन्सर असलेला कॅमेरा घेतला, तर ३००ची लेन्स ४५० ते ४८०सारखं काम देते, शिवाय तो स्वस्तही पडतो. आणि ‘डिजिटल झूम’च्या आकड्याला भुलू नका. त्यात चित्र फक्त ताणलं जातं.

पोचेचा एवढा आग्रह का, ते टिटवीकडे बघून कळतं. ती उघड्या माळावर, खड्यांच्या रंगात मिसळून जातील अशी अंडी घालते. भर उन्हाळ्यात नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर सावली धरतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंडी गार ठेवतात. आपली लेन्स तोकडी असली, की आपण चार पावलं पुढे जातो, मग आणखी चार. टिटवी उठते, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहते. आपल्याला वाटतं, वा, काय पोज मिळाली! इकडे अंडी उन्हात तापत असतात, कावळ्याची नजर गेली तर संपलंच. लांब पोचेची लेन्स असली, की झुडपाआड बसून राहता येतं, पाखरू आपल्या कामात असतं आणि फोटोही त्या कामाचा मिळतो. घरट्याचे फोटो मात्र कुठल्याच लेन्सने काढू नयेत, असं माझं ठाम मत आहे. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही लक्षात असू द्या.

आता वजन. टॅमरॉन, सिग्माच्या १५०-६०० लेन्स हौशी लोकांत फार लोकप्रिय आहेत, पण नुसती लेन्सच जवळजवळ दोन किलोची! वर कॅमेरा, पाण्याची बाटली, डबा. माझ्या एका मैत्रिणीचा खांदा दुखावलेला. मुलाने हौसेने घेऊन दिलेली तिची लेन्स वर्षभर कपाटात आहे. अशांसाठी ब्रिज कॅमेरा बरा. त्यात लेन्स बदलायची भानगड नाही. निकॉनचा २०२० साली आलेला पी ९५० साधारण किलोभराचा, ८३ पट झूमचा, २००० मिलिमीटरइतक्या पोचेचा. पण सेन्सर अगदी छोटा, त्यामुळे रानातल्या सावलीत चित्र रवाळ येतं, उडत्या पक्ष्यावर फोकस धरतानाही तो मागे पडतो. बसलेला तांबट, पाण्याकाठचा राखी बगळा यांना उत्तम. कॅननचा मिररलेस कॅमेरा असेल, तर त्यांची २०२१ साली आलेली १००-४०० लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची आहे. तिला ऊन मात्र चांगलं लागतं.

तिपाईवर लगेच पैसे घालू नका. भिगवणला होडीत बसून रोहित बघताना तिचा काही उपयोग नाही. तिथे होडी हलते, पक्षी उडतो, तेव्हा शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावं लागतं. त्यापेक्षा ८ बाय ४२ची दुर्बीण आधी घ्या. पक्षी शोधायची सवय तिनेच लागते.

जुनी लेन्स घेतली तरी चालेल, भाड्यानेही मिळते. एक सकाळभर गळ्यात अडकवून हिंडा, मग ठरवा. जुनी घेताना काचेतून उजेडाकडे बघून आत जाळीसारखी बुरशी नाही ना, हे तपासा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती हटकून धरते. नवी लेन्सही कापडी पिशवीत ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. डब्यांना आपल्याकडे काय तोटा!