नकाशाची कोरी चौकट

अँड्रॉइड फोनसाठीं केलेल्या ॲपांतील नकाशा कर्त्याच्या टेबलावर सुरेख दिसतो. तेंच ॲप गूगल प्लेवरून उतरवून घेतलें कीं कोरी चौकट! रात्रीं दवाखाना शोधणाऱ्यानें काय करावें? दोष बहुधा सहीचा असतो. नकाशाच्या परवान्याचा क्रमांक ॲपमध्येंच असल्यानें तो कोणीही उचलील, आणि बिल मात्र मालकाच्या माथीं. म्हणून ॲपचें नांव व सहीच्या किल्लीचा ठसा जुळल्यावांचून नकाशा मिळूं नये, असा निर्बंध घालतात. रास्तच आहे. परंतु ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर येणाऱ्या नव्या ॲपांवर अखेरची सही गूगल कंपनी आपल्याजवळील किल्लीनें करते. कर्त्याची किल्ली पाठवणीपुरतीच. तेव्हां प्ले कन्सोलमध्यें दाखविलेला त्या सहीचा एसएचए-१ ठसा परवान्यांत नोंदवावा. जुना ठसाही राहूं द्यावा; चाचणीच्या प्रतीवर सही त्याच किल्लीची असते.