व्हीलचेअरला हँडसायकल: फिरणेही हक्कच

जळगाव-धुळ्यात अपंग बांधवांना शिबिरांतून हाताने चालवायची तीनचाकी सायकल मिळते. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून सुरू आहे. पण ही सायकल दारापाशीच थांबते. व्हीलचेअरवरून तिच्यावर बसवायला अनेकांना दुसऱ्याची मदत लागते, आणि तरुण पोराचे फिरणे घरच्यांच्या सवडीवर अडते.

जोडता येणाऱ्या हँडसायकलीत हे उचलणेच टळते. एक मोठे चाक, साखळी, गिअर आणि हाताचे पायडल असा हा सांगाडा व्हीलचेअरच्या पुढे अडकवतात. पुढची छोटी चाके जमिनीवरून उचलली जातात, त्यामुळे खड्ड्यात अडकत नाहीत. दोन्ही हात एकत्र फिरतात. रिम ढकलण्यापेक्षा खांद्यांवर ताण कमी पडतो, दमसास वाढतो. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनची निओबोल्ट जोडणी मोटारीवर चालते. प्रवासाला ती चांगली, व्यायामाला हातानेच फिरवायची हवी.

घेण्याआधी व्हीलचेअरची चौकट मजबूत आहे ना, ते तपासा. घडीच्या खुर्चीला प्रत्येक जोडणी बसत नाही. चढावर पुढचे चाक घसरते, म्हणून सुरुवात मेहरूण तलावाजवळच्या सपाट रस्त्याने करावी. मणक्याला इजा झालेल्यांना घाम नीट येत नाही. खान्देशच्या उन्हाळ्यात पहाटेच निघा, पाणी सोबत ठेवा.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे कलम ३० खेळातील सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकते. कार्यकर्त्यांनी महापालिकेला त्याच आधारे निवेदन द्यावे. आणि हो, आपल्या विहाराला उतार आहे का, तेही पाहावे.